कलावंतामागे उरलेली खोली

१२ एप्रिल १९५६ रोजी पॅरिसमध्ये ऐंशी वर्षांच्या एका शिल्पकाराने मृत्युपत्र केले. त्याचे नाव कोन्स्तांतिन ब्रांकुसी. स्टुडिओत जे काही असेल ते सारे, म्हणजे शिल्पे, रेखाटने, हत्यारे, हाताने घडवलेले फर्निचर, त्याने फ्रेंच राष्ट्राच्या नावे केले. देणगीला एकच अट होती : राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने हा स्टुडिओ आपल्या जागेत जसाच्या तसा उभारावा. १६ मार्च १९५७ रोजी ब्रांकुसी गेला. खुद्द स्टुडिओची जागा त्याच्या मालकीची नव्हती. ती गल्लीच शेजारच्या रुग्णालयाच्या विस्तारासाठी पाडली जाणार होती. सरकारच्या पदरात पडल्या त्या खोलीतल्या वस्तू, आणि ती खोली पुन्हा बांधण्याची जबाबदारी. ती जबाबदारी पार पाडायला सरकारला चाळीस वर्षे लागली.

एखादा चित्रकार किंवा शिल्पकार गेला की त्याच्या घरात नेमके काय घडते, हे आपल्याकडे बहुतेकांनी जवळून किंवा दुरून पाहिलेले असते. चित्रांची व्यवस्था आधी लागते, कारण त्यांना गिऱ्हाईक असते. ती मोजली जातात, वाटली जातात, गॅलरीकडे किंवा लिलावाकडे जातात. उरते ती खोली. रंगाच्या सुकलेल्या ट्यूब, अर्धवट कॅनव्हास, स्केचबुके, प्लास्टरचे साचे, कात्रणांच्या फायली, पत्रांचे गठ्ठे, प्रदर्शनाची आमंत्रणे, निगेटिव्हची पाकिटे. खोली भाड्याची असेल तर ती महिन्याभरात रिकामी करून द्यावी लागते; मालकीची असेल तर मुलांना हवी असते. रद्दीवाला येतो, आणि पुढच्या अभ्यासकाला ज्याची सर्वांत जास्त गरज पडणार असते ते किलोच्या भावाने जाते. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. कशाचे मोल काय, हे सांगणारे त्या क्षणी कुणी नसते, इतकेच.

म्हणून प्रश्न असा, की कलावंत गेल्यावर त्याच्या खोलीतले नेमके काय जपायचे? वस्तू, त्यांची मांडणी, की त्यांच्याविषयीची माहिती? जगात निरनिराळ्या ठिकाणी याची निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांतली काही पाहिली, तर आपल्या परिस्थितीत काय शक्य आहे याचा अंदाज येतो.

मांडणी हेच काम

ब्रांकुसीचा जन्म १८७६ चा, रुमानियातल्या होबित्सा या खेड्यातला. १९०४ मध्ये तो पॅरिसला आला, १९०७ मध्ये थोडा काळ रोदँच्या स्टुडिओत राहिला आणि बाहेर पडला. १९१६ पासून त्याचा मुक्काम रोंसँ नावाच्या बंद गल्लीत होता. आठ क्रमांकातून १९२८ मध्ये तो अकरा क्रमांकात गेला, मग लगतच्या खोल्या एकेक करून घेत राहिला. चुन्याचा दगड, लाकूड, प्लास्टर यांनी भरलेल्या या खोल्यांत तो राहत होता, स्वयंपाक करत होता, पाहुण्यांना जेवायला घालत होता आणि काम करत होता.

इथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की ब्रांकुसीच्या लेखी शिल्प एकटे उभे राहत नव्हते. एका शिल्पाचे दुसऱ्याशी असलेले अंतर, त्याखालचा पेडेस्टल, वरून येणारा उजेड, मागच्या भिंतीचा रंग हे सारे मिळून काम पुरे होई. पेडेस्टल तो स्वतः घडवत असे आणि तेही शिल्पच मानत असे. शिल्पांची जागा तो सतत बदलून पाही. एखादे शिल्प विकले गेले की समूहात पडलेली फट त्याला सहन होत नसे. तिथे तो त्याची प्लास्टरची प्रत आणून ठेवी. शेवटच्या वर्षांत नवी शिल्पे त्याने जवळजवळ केलीच नाहीत. असलेल्यांची मांडणी हेच त्याचे काम होऊन बसले होते.

छायाचित्रांचेही तसेच. इतरांनी काढलेल्या आपल्या शिल्पांच्या छायाचित्रांवर त्याचे समाधान होत नसे. मॅन रे या मित्राच्या मदतीने त्याने कॅमेरा आणि इतर साहित्य घेतले, स्टुडिओच्या कोपऱ्यात डार्करूम केली आणि स्वतःच्या शिल्पांची छायाचित्रे स्वतःच काढली. अमुक शिल्प तमुक वर्षी कुठे होते, त्याच्या शेजारी काय होते, ऊन कुठून पडत होते, याचा पुरावा या काचेच्या निगेटिव्हमध्ये आहे. खोली आणि दस्तऐवज यांचे नाते इथे स्पष्ट होते. निगेटिव्ह नसत्या तर मांडणी बदलत होती हेच कळले नसते, आणि खोली नसती तर त्या छायाचित्रांतले अंतर किती होते ते समजले नसते.

इंदूरचे न झालेले मंदिर

या गोष्टीत एक धागा मराठी वाचकाच्या जवळचा आहे. इंदूरचे तरुण महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात ब्रांकुसीचा ‘अवकाशातील पक्षी’ ब्राँझमध्ये विकत घेतला आणि त्याच पक्ष्याची आणखी दोन रूपे मागवली, एक काळ्या संगमरवरात, एक पांढऱ्या. महाराजांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने बांधला होता; आतले सामान त्या काळच्या युरोपातले सर्वांत आधुनिक होते. पुढे या तीन पक्ष्यांसाठी इंदूरमध्ये ध्यानाचे एक छोटे मंदिर बांधायचे ठरले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुसी त्यासाठी इंदूरपर्यंत आला, पण काम पुढे सरकले नाही आणि तो परतला. मंदिर झालेच नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

जे बांधलेच गेले नाही त्याचा इतिहास कुठून लिहायचा? पत्रांतून, टिपणांतून, एखाद्या मित्राच्या आठवणीतून, स्टुडिओत मागे राहिलेल्या कच्च्या रूपांतून. पूर्ण झालेली कलाकृती स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकते. अपूर्ण राहिलेल्या कामाला कागदाशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. कलावंताच्या आयुष्यात अपूर्ण राहिलेलेच बहुधा अधिक असते. कागद गेला की आयुष्याचा तेवढा भाग कायमचा जातो.

तीनदा उभारलेला स्टुडिओ

मृत्युपत्राची अट पाळण्याचा पहिला प्रयत्न १९६२ चा. संग्रहालय तेव्हा पॅले द तोक्यो या इमारतीत होते. तिथे स्टुडिओचा काही भाग उभारला गेला. सगळा मावण्याजोगी जागा नव्हती. १९७७ मध्ये पाँपिदू केंद्र उघडले, संग्रहालय तिकडे गेले आणि समोरच्या चौकात स्टुडिओ पुन्हा बांधला गेला. १९९० मध्ये तिथे पाणी शिरले आणि तो बंद करावा लागला. तिसरी उभारणी रेन्झो पियानो या वास्तुकाराने केली आणि ती १९९७ मध्ये खुली झाली. १३७ शिल्पे, ८७ पेडेस्टल, ४१ रेखाटने, २ चित्रे आणि काचेच्या निगेटिव्ह व मूळ प्रिंट मिळून १,६०० हून अधिक छायाचित्रे, असा हा ऐवज आहे.

पियानोपुढची अडचण साधी आणि न सुटणारी होती. ब्रांकुसीच्या स्टुडिओत एका वेळी चार-सहा माणसे जात. सार्वजनिक संग्रहालयात दिवसाला शेकडो येतात. एवढी माणसे प्लास्टरच्या शिल्पांमधून फिरली तर काही वर्षांत शिल्पे उरणार नाहीत. पियानोने मधोमध स्टुडिओ ठेवला आणि भोवती फिरायला वाट केली. दोहोंच्या मध्ये काच. वरून उजेड येई, वस्तू जागच्या जागी होत्या, पण आत पाऊल टाकता येत नसे. ज्या माणसाने आयुष्यभर शिल्पांभोवती फिरण्याचा, त्यांना फिरवून पाहण्याचा आग्रह धरला, त्याची शिल्पे तिथे काचेपलीकडून बघावी लागत.

दुसरी विसंगती याहून खोल आहे. ब्रांकुसीची मांडणी दर आठवड्याला बदलत असेल. संग्रहालयाने मृत्यूच्या दिवशीची मांडणी कायम केली. एका क्षणाला ‘अखेरची इच्छा’ मानून गोठवणे हा कायद्याच्या दृष्टीने योग्य मार्ग होता, कलेच्या दृष्टीने तो एक पर्याय होता. तरी मी म्हणेन की तो निर्णय चांगलाच झाला. अंतरे मोजून ठेवली गेली म्हणून त्यांवर आज वादही करता येतो. पाँपिदू केंद्र नूतनीकरणासाठी बंद व्हायचे होते म्हणून स्टुडिओ पुन्हा हलवावा लागला, आणि त्या निमित्ताने २०२४ मध्ये केंद्राने ब्रांकुसीचे मोठे प्रदर्शन भरवले. कोणतीही वस्तू हलवली तरी ती परत कुठे ठेवायची हे ठाऊक आहे, ही या सगळ्या खटाटोपाची कमाई.

धुळीची सुद्धा नोंद

याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाचे उत्तर डब्लिनमध्ये मिळते. फ्रान्सिस बेकन हा चित्रकार डब्लिनमध्ये १९०९ साली जन्मला, पण १९६१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, लंडनमधल्या ७, रीस म्यूझ या पत्त्यावर राहिला. त्याचा स्टुडिओ जेमतेम सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद. जमिनीवर गुडघाभर पसारा : मासिकांची फाडलेली पाने, चुरगळलेली छायाचित्रे, ब्रश, डबे, चिंध्या. भिंती आणि दार हेच त्याचे रंग तपासण्याचे पॅलेट. त्याचा वारस जॉन एडवर्ड्‌स याने १९९८ मध्ये हा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला दिला.

गॅलरीने पुरातत्त्वज्ञांना बोलावले. एखाद्या पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन करावे तशी त्या खोलीची पाहणी झाली. प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर आली, ढिगातले थर नोंदले गेले, वस्तूला क्रमांक मिळाला, तिचे छायाचित्र निघाले आणि मगच ती उचलली गेली. भिंती, दारे, जमीन, छत हेही सोडवून नेले. धूळसुद्धा गोळा करून नेली. बेकनने काही चित्रांत धूळ रंगासारखी वापरली होती, तेव्हा तीही साहित्यातच मोडत होती. २००१ मध्ये डब्लिनमध्ये ही खोली उघडली. सात हजारांहून अधिक वस्तूंची संगणकीय सूची झाली : सुमारे ५७० पुस्तके आणि कॅटलॉग, १,५०० छायाचित्रे, पुस्तकांतून फाडलेली १,३०० पाने, चाकूने फाडलेले १०० कॅनव्हास, ७० रेखाटने.

या शेवटच्या आकड्याला महत्त्व आहे. आपण पूर्वतयारीची रेखाटने करत नाही, थेट कॅनव्हासवर उतरतो, असे बेकन मुलाखतींतून सांगत आला होता. समीक्षकांनी ते मानले होते. खोलीने वेगळे सांगितले. तो रेखाटने करत होता, टिपणे काढत होता, छायाचित्रे घड्या घालून, फाडून, रंगवून त्यांतून आकृती शोधत होता. कलावंत स्वतःविषयी जे बोलतो ते त्याच्या कलेचाच एक भाग असते. खोटे म्हणून ते बाजूला टाकू नये, पण तेवढ्यावर विसंबूही नये. पसारा आवरून ठेवला असता तर ही दुरुस्ती कधीच झाली नसती.

दस्तऐवजशास्त्रात याला मूळ क्रमाचे तत्त्व म्हणतात. कागद ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात, ज्या फायलीत सापडले तो क्रम हीच माहिती असते. एखादे पत्र एका स्केचबुकाच्या पानात सापडले, तर त्या पत्राचा आणि त्या रेखाटनाचा काहीतरी संबंध असू शकतो. सगळी पत्रे एका पेटीत, सगळी स्केचबुके दुसऱ्या पेटीत, अशी नीटनेटकी वाटणी केली की तो संबंध तुटतो आणि परत जोडता येत नाही. दिवंगत कलावंताच्या खोलीचे सर्वांत मोठे नुकसान बहुतेक वेळा प्रेमापोटी होते, घर आवरताना.

भिंत किंवा जमीन

सगळी खोली उचलून नेणे हे श्रीमंत देशांतल्या श्रीमंत संस्थांचेच काम. पण अंशतः जपणुकीचीही चांगली उदाहरणे आहेत. आल्बेर्तो जाकोमेत्ती १९२६ पासून १९६६ मध्ये मरेपर्यंत पॅरिसमधल्या जेमतेम २३ चौरस मीटरच्या भाड्याच्या खोलीत काम करत होता. तिच्या भिंतींवर त्याने रेखाटने केली होती. जागा सोडावी लागली तेव्हा त्याची पत्नी आनेत हिने त्या भिंतींचे पृष्ठभाग सोडवून घेतले, फर्निचर आणि अपुरी शिल्पे सांभाळली. २०१८ मध्ये जाकोमेत्ती इन्स्टिट्यूट उघडली तेव्हा त्यांतून तो स्टुडिओ पुन्हा उभा राहिला. आनेत १९९३ मध्येच गेली होती. तिने जपलेले पाहायला ती नव्हती.

अमेरिकेत लाँग आयलंडवर जॅक्सन पोलॉकच्या स्टुडिओत १९५३ मध्ये जमिनीवर हार्डबोर्ड बसवले गेले. पोलॉक १९५६ मध्ये अपघातात गेला. पुढे त्याची चित्रकार पत्नी ली क्रास्नर तिथे काम करत राहिली. तिच्या मृत्यूनंतर, १९८० च्या दशकाच्या शेवटी, ते हार्डबोर्ड काढले तेव्हा खाली मूळ लाकडी जमीन निघाली. तिच्यावर पोलॉकच्या प्रसिद्ध चित्रांचे कडेला उडालेले रंग जसेच्या तसे होते. आज पाहुणे मऊ सपाता घालून त्या जमिनीवर चालतात. कोणताही बेत नसताना जपल्या गेलेल्या वस्तूचे हे उदाहरण आहे.

पैसा कोण देणार?

खोली जपण्याचा खर्च एकदाचा नसतो. छप्पर, वीज, राखणदार, सूची करणारा माणूस हे दर महिन्याचे. याचा विचार ज्याने आधी केला त्याचा संग्रह टिकला. रोदँने १९१६ मध्ये आपली शिल्पे, संग्रह आणि त्यांचे हक्क फ्रेंच राष्ट्राला दिले. साच्यांवरून नवी ओतकामे करून विकण्याचा हक्कही त्यात आला. १९१९ मध्ये उघडलेल्या रोदँ संग्रहालयाला त्या विक्रीचे उत्पन्न मिळत आले आहे. फ्रान्समध्ये एका शिल्पाची बाराच ओतकामे मूळ मानली जातात, आठ क्रमांकाची आणि चार कलावंताच्या नावची; त्यामुळे उत्पन्नाला मर्यादा राहते आणि किमतीला आधारही. प्लास्टरचा साचा ही म्हणून अडगळ नसते. तो कलाकृतीही असतो आणि मालमत्ताही.

दुसरी तरतूद कराची. फ्रान्समध्ये १९६८ च्या एका कायद्याने वारसाकराच्या बदल्यात कलाकृती किंवा दस्तऐवज सरकारला देता येतात. ब्रांकुसीची स्टुडिओबाहेरची मालमत्ता अलेक्सांद्रू इस्त्राती आणि नातालिया दुमित्रेस्कू या रुमानियन चित्रकार दांपत्याकडे गेली होती. अखेरच्या काळात त्यांनीच त्याची देखभाल केली होती. पत्रे आणि कागदपत्रे त्यांच्याकडे राहिली. ती पाँपिदू केंद्राकडे आली ती याच कायद्याने, आणि २००३ मध्ये लोकांपुढे मांडली गेली. खोली एकीकडे आणि कागद दुसरीकडे, अशी सुमारे पंचेचाळीस वर्षांची ताटातूट त्यानंतर संपली.

भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९८५ मध्येच रद्द झाला. वारसांच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. पण कराऐवजी कलासंग्रह सरकारकडे येण्याची वाटही त्यामुळे आपल्याकडे नाही. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय अशा मोजक्या नऊ कलावंतांच्या कृती देशाबाहेर जाऊ देत नाही. तो कृतींचे रक्षण करतो, खोल्यांचे नाही. आणि या नऊ जणांत आपल्याकडचा मराठी चित्रकार एकही नाही. स्टुडिओ जपणे हे त्यामुळे इथे जवळजवळ पूर्णपणे कुटुंबाच्या इच्छेवर सोपवलेले आहे.

सासवणे ते नागाव

कुटुंबाच्या इच्छेने काय होऊ शकते हे पाहायचे तर अलिबागजवळच्या सासवण्याला जावे. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) या शिल्पकाराचे हे गाव. ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरने त्यांच्यातला गुण ओळखून त्यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पुण्याचा १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्यांचे घर आणि त्यातली शिल्पे कुटुंबाने संग्रहालय म्हणून लोकांना खुली ठेवली. अंगणात, पडवीत, खोल्यांतून मासेविक्रेती, शेतकरी, घरची माणसे, जनावरे उभी आहेत. ज्या गावातली ही माणसे, त्याच गावात ती आहेत. काच मध्ये नाही. पॅरिसला चाळीस वर्षे झगडून जे साधले नाही ते सासवण्याला सहज आहे. त्याची किंमत वेगळी आहे. कोकणच्या हवेत प्लास्टर ओल धरते, आणि सिमेंटच्या शिल्पातला लोखंडी सांगाडा खारट हवेने गंजतो, फुगतो व शिल्पाला आतून चिरा पाडतो. मूळ जागी जपणे म्हणजे दर पावसाळ्याशी नव्याने भांडणे.

सासवण्यापासून फार दूर नसलेल्या नागावात प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) जन्मले. त्यांनी मागे ठेवलेला मोठा ऐवज म्हणजे त्यांच्या डायऱ्या : रेखाटने, सुचलेल्या कल्पना, प्रतिमांवरची टिपणे. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक मराठी वाचकाला परिचित आहे. पण त्या विचारांच्या मागची रोजची घडण डायऱ्यांत दिसते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हा या डायऱ्या चित्रांच्या जोडीने लोकांपुढे आल्या. बरव्यांची खोली नाही, पण खोलीतला विचार वाचता येतो. रावबहादूर धुरंधरांनी (१८६७-१९४४) तर स्वतःच ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ लिहून ठेवले, जे. जे. स्कूलच्या त्या काळाबद्दल आज जे ठामपणे बोलता येते त्याला त्या पुस्तकाचा मोठा आधार आहे. ज्यांनी असे काही लिहिले नाही आणि ज्यांच्या घरचे कागद गेले, त्यांच्याविषयी चरित्रकोशात चार ओळींपलीकडे लिहिता येत नाही. त्या ओळी तोकड्या पडतात त्या गुणवत्ता कमी होती म्हणून नव्हे.

पहिला पावसाळा

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी अशी एखादी खोली असेल, म्हणून थोडे व्यवहाराचे. कलावंत गेल्यानंतरचा पहिला पावसाळा निर्णायक असतो. खोली बंद राहते, हवा खेळत नाही, आणि बुरशी, कसर, वाळवी आपापले काम सुरू करतात.

सर्वांत आधी काहीही हलवू नये. भिंत, कपाट, खण, टेबल यांची क्रमाने छायाचित्रे घ्यावीत. साधा मोबाइल पुरतो. खोलीचा कागदावर नकाशा काढून प्रत्येक कपाटाला अक्षर, प्रत्येक खणाला आकडा द्यावा. मग एका वहीत यादी : कुठल्या खणात काय होते. ही वही पुढे सर्वांत मौल्यवान ठरते. कागदावर क्रमांक घालायचा तर शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला. गठ्ठे सोडवू नयेत. गंजणाऱ्या टाचण्या, रबरबँड काढावेत. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कात्रणांचा कागद आम्लाने पिवळा पडतो आणि शेजारच्या रेखाटनालाही पिवळे करतो, म्हणून दोघांच्या मध्ये आम्लरहित कागद घालावा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. पेट्या जमिनीपासून वर आणि बाहेरच्या, पावसाकडच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती सडू लागली आहे. ती वेगळी ठेवून आधी तिची प्रत करावी. डिजिटल प्रती दोन असाव्यात आणि दोन वेगळ्या घरांत.

दुसरे काम माणसांचे. चौकटी करणारा, साचे काढणारा, ओतकाम करणारा, मॉडेल म्हणून बसलेले, शेजारी, विद्यार्थी यांची वये झालेली असतात. अमुक शिल्प कुठे गेले, तमुक चित्र कुणासाठी केले होते, हे त्यांच्याच डोक्यात असते. त्यांचे बोलणे नोंदवून घ्यावे.

तिसरे, हक्क. भारतात कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो, आणि चित्र विकले म्हणून तो आपोआप विकत घेणाऱ्याकडे जात नाही. आलेल्या पत्राचा कागद घरच्यांचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. छापण्याआधी हे पाहावे. वारस अनेक असतील तर निर्णय कोण घेणार हे लेखी ठरवावे. संग्रह फुटण्याचे मोठे कारण भाऊबंदकी असते, वाळवी त्यानंतरची.

आणि शेवटचे : सगळे जपता येत नाही, जपायलाच हवे असेही नाही. खोली सोडावी लागणारच असेल तर सोडावी; मात्र तिची छायाचित्रे, नकाशा आणि यादी मागे राहावी. वस्तू विखुरल्या तरी कोणती कुठे गेली याची नोंद राहिली, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी ती खोली कागदावर पुन्हा मांडू शकेल. ब्रांकुसीची गल्ली पाडली गेली, बेकनची खोली समुद्र ओलांडून गेली, जाकोमेत्तीच्या भिंती सुटून आल्या. तिन्ही ठिकाणी खोली वाचली ती हलवण्याआधी कुणीतरी थांबून ती नीट पाहून घेतली होती म्हणून. तेवढे थांबायला पैसा लागत नाही. रद्दीवाल्याला महिनाभर उशिरा बोलावले, तरी पुरे.